बाबांचं घड्याळ की बाबांचा फोन: काय जपायचं, काय सोडायचं?

बाबा गेल्यावर त्यांच्या दोन वस्तू माझ्याकडे आल्या. चावीचं मनगटी घड्याळ आणि त्यांचा शेवटचा फोन. दोन्ही बंद. घड्याळाचा चामडी पट्टा त्यांच्या मनगटाच्या गोलाईत कायमचा वळलेला, एका भोकापाशी बकलाचा खोल वळ. फोनच्या काचेला तडा. कशावर खर्च करायचा आणि काय सोडून द्यायचं, असा पेच तुमच्याही पुढ्यात असेल, तर मी कसं ठरवलं ते सांगते.

पहिला प्रश्न एवढाच, की आठवण नेमकी कशात आहे? ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे मला फार उपयोगी पडला. कोणत्याही वस्तूची हुबेहूब प्रत काढणारं एक यंत्र आहे, असं त्यांनी लहान मुलांना भासवलं. साध्या खेळण्याची प्रत मुलं आनंदाने घेत. पण रोज कुशीत घेऊन झोपायच्या खेळण्याची गोष्ट निघाली, की बहुतेकांना मूळचंच हवं असे. काहींनी तर ते यंत्रात ठेवूच दिलं नाही.

घड्याळाचं तसंच आहे. त्याच बनावटीचं दुसरं मिळेल, पण बकलाचा तो वळ मिळणार नाही. घाम, ऊन आणि रोजची घासाघीस यांनी चामडं ज्या रंगाचं झालं, तो रंग म्हणजेच त्यांची वर्षं. फोनमधली आठवण मात्र फोनपासून वेगळी करता येते. त्यांचा आवाज असलेले निरोप मी माझ्या फोनवर घेतले आणि ऐकले. आवाज तोच, मधला तो छोटा खोकलाही तसाच. त्यानंतर बाबांच्या फोनकडे पाहून मला काहीच वाटेनासं झालं. (कुणाच्या फोनचं कव्हर बोटांनी झिजून गुळगुळीत झालं असेल, तर ते कव्हर ठेवा. ते घड्याळाच्याच जातीचं.)

टिकाऊपणात तर तुलनाच होत नाही. चावीच्या घड्याळातलं वंगण सुकतं, ते उघडून साफ करावं लागतं, झिजलेला भाग बदलावा किंवा घडवावा लागतो. एवढं केलं की ते अनेक दशकं चालतं. फोनची लिथियम-आयन बॅटरी न वापरताही म्हातारी होते, कधी फुगते. साठवलेली माहितीसुद्धा वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यास पुसट होऊ शकते. आणि आजच्या फोनमधली माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद असते. पासवर्ड माहीत असलेलं माणूस विसरलं किंवा गेलं, तर चिप काढूनही हाती काही लागत नाही.

म्हणून घाई फोनची करा, घड्याळाची नको. आधी फोटो, आवाज, संदेश दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवा, प्रत्येक फाइल उघडून पाहा, मग फोन कोरा करून ई-कचऱ्याच्या संकलनात द्या. जगात 2022 मध्ये 6.2 कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम 22.3 टक्क्यांचं पुनर्चक्रीकरण नोंदलं गेलं. खणात पडून राहिलेला बंद फोन कुणाच्याच कामाचा नसतो.

घड्याळ दुरुस्तीला देताना मात्र एक गोष्ट आधीच बजावून सांगा: आतलं सगळं करा, बाहेरून पॉलिश करू नका, तबकडी बदलू नका. पॉलिशमध्ये धातूचा थर घासला जातो, त्यासोबत ओरखडेही जातात, आणि आपण जपतोय ते ओरखडेच. मी हे सांगितलं म्हणून काचेच्या कडेचा त्यांचा टवका शाबूत राहिला. पट्टा तेवढा नवा लावावा लागला. जुना काढून ठेवला आहे, सरळ न करता, त्यांच्या मनगटाएवढाच गोल.