नेटवर्क स्टोरेजचा डबा, आठ महिन्यांनंतर: सगळं बरं, पण नावानं घात केला

हा डबा म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या फाईली एका जागी ठेवायची, नेटवर्कला जोडलेली पेटी. तिच्या स्पीडबद्दल बाकी सगळ्यांनी रिव्ह्यूत लिहिलंय. गिगाबिट लाईनवर सेकंदाला शंभरएक एमबी मिळतात, पंख्याचा आवाज ऑफसेट मशीनपुढं ऐकूच येत नाही. मला बोलायचंय ते नावावर.

शाहूपुरीत काकांचा लग्नपत्रिकांचा प्रेस आहे. जुना डबा भरला म्हणून मार्चमध्ये त्याच कंपनीचा दुसरा घेतला. जुन्याचं नाव शाहूपुरी-प्रेस-१, म्हणून नव्याचं शाहूपुरी-प्रेस-२. सेटिंगनं गुमान घेतलं. जुना एरवी बंदच. जुनी फाईल लागली की काका तेवढ्यापुरता चालू करायचे.

तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांची गर्दी उडाली. एका रात्री जुना चालूच राहिला आणि लाईट जाऊन आली. सकाळी माझ्या विंडोज ७ वरून नेहमीच्या शॉर्टकटनं पाटलांच्या धाकट्याच्या पत्रिकेची ‘पाटील-फायनल’ उघडली, छपाईच्या प्लेटा काढल्या. मशीनवर पहिला कागद आला तर नवरदेव थोरला! त्याचं लग्न गेल्या वर्षीच झालंय, पोरगं पण झालंय. चार प्लेटा भंगारात. काका म्हणाले, “डोळं फुटलं हुतं काय रं?”

काकांच्या मॅकवर मात्र दोन्ही डबे वेगवेगळे दिसायचे, त्यामुळं खापर माझ्यावरच. सर्व्हिसवाला आला, व्हिजिटचे ५०० आधी घेतले आणि म्हणाला, राउटर बदला.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडलं. माझा शॉर्टकट नेटबायोस नावावर होता. नेटवर्कवर मशीनला नावानं शोधायची ही १९८३ ची व्यवस्था. नावाला १६ जागा, त्यातली शेवटची सेवेचा प्रकार सांगायला राखीव, म्हणजे हातात १५. आता इंग्रजी स्पेलिंगनं मोजा: शाहूपुरीची नऊ, मधली रेघ एक, प्रेसची पाच. झाली पंधरा! पुढचा एक आणि दोन कापून टाकला. दोघंही नुसते ‘शाहूपुरी-प्रेस’. लाईट आल्यावर जो आधी उठला तो नावाचा धनी. त्या दिवशी जुना उठला, आणि त्यात थोरल्याची ‘पाटील-फायनल’ त्याच नावानं पडून होती. मॅक दुसऱ्याच पद्धतीनं, शेवटी ‘डॉट लोकल’ लागणाऱ्या नावानं शोधतो, तिथं ६३ अक्षरं चालतात.

रागात एक स्टार देणार होतो. पण ही मर्यादा कंपनीची नाही, हे कबूल करतो. तरी नावात अंडरस्कोर टाकला तर हाच डबा लाल अक्षरात नको म्हणतो. म्हणजे नियम त्याला ठाऊक आहेत, मग पंधराच्या पुढं गेल्यावर एक ओळ लिहायला काय झालं होतं?

कॉम्प्युटरला नाव कसं द्यावं यावर १९९० चा आरएफसी ११७८ आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटवाल्यांचे नंबर घातलेले नियम-सल्ल्यांचे कागद). लांब नावं नकोत, आकड्यानं सुरुवात नको, एखादा विषय धरून नावं द्या, असं त्यात आहे. मी किल्ले धरले: नवा पन्हाळा, जुना रांगणा. इंग्रजीत दोन्ही सात-सात अक्षरी, आणि पहिल्या अक्षरापासूनच वेगळी. बदलल्यावर इनडिझाईनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) फोटो-चित्रांच्या फाईलींच्या सगळ्या लिंका तुटल्या, अर्धा दिवस जोडत बसलो. आता झेड ड्राईव्ह मॅप केलाय, म्हणजे डबा माझ्या कॉम्प्युटरवर ‘झेड’ या अक्षरानं दिसतो आणि लिंका त्या अक्षरावर चालतात. पुढं नाव बदललं तरी तेवढंच बदलायचं.

तीन स्टार. चौथा त्या चार प्लेटांत गेला, पाचवा ५०० रुपयांत. काका आता चालू करण्याआधी जिन्यावरून ओरडतात, “रांगणा लावतोय रं, फाईल बघून उघड!”