थंडीतली कॅरॅव्हॅन: कोल्हापुरात लावायची की शिवारात?

डिसेंबर लागला की ओळखीतले दोन-तीन जण हमखास विचारतात, "कॅरॅव्हॅन घेऊन कोल्हापूरला निघालोय, मुक्काम कुठं टाकू?" फोनवर सांगताना दरवेळी काहीतरी राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

माझं बालपण शुक्रवार पेठेतलं. नोकरीसाठी पुण्यात आलो, मागोमाग आई-बाबा आले आणि पेठेतलं घर विकलं गेलं. गेली चार वर्षं थंडीत आम्ही कोल्हापूरला जातो ते गाडीतच राहायला. मी, बायको, मुलगी आणि दोन वेळा आईसुद्धा. पहिली दोन वर्षं गाडी भाड्याची होती. नंतर एक जुनी ट्रॅव्हलर घेऊन आतून करून घेतली. शहरात आणि शहराबाहेर, दोन्हीकडे पुरेशा रात्री काढल्यात. बेड, टाकी, इन्व्हर्टर यांचं गणित तुम्हाला ठाऊक असेल असं धरतो.

शहराची बाजू आधी, कारण माझा ओढा पहिल्यापासून शहराकडेच होता. पहाटे अंबाबाईचा काकडा, गंगावेशीत म्हैस समोर उभी करून काढलेलं धारोष्ण दूध, संध्याकाळी रंकाळ्याला फेरी. हे सगळं हाताशी असावं म्हणूनच तर जायचं. थंडीतच किरणोत्सव येतो. साधारण 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, मग वर वर चढत शेवटच्या दिवशी मुखापर्यंत. हवेत ढग किंवा धुरकट थर असला तर किरणं अर्ध्यातच विरतात, म्हणून तीनही दिवस हाताशी ठेवावे लागतात. एवढ्यासाठी शहरात राहावंसं वाटणं अगदी बरोबर आहे. खाण्याबद्दल मी काही सांगत नाही, ज्याचं त्याचं ठिकाण ठरलेलं असतं.

शहरात आम्ही एका लॉजच्या आवारात गाडी लावायचो. मालक भला माणूस. रात्रीचे सहाशे रुपये, त्यात पंधरा अँपिअरचा प्लग, टाकी भरायला नळ आणि तळमजल्यावरचं संडास-बाथरूम. शौचालयाची कॅसेट, म्हणजे खालची मैला साठणारी सुटी टाकी, रिकामी करायची सोय शहरात जितकी सरळ आहे तितकी बाहेर कुठेच नाही. कॅसेट साधारण वीस लिटरची, आम्हा तिघांना दोन दिवस पुरते, त्यामुळे ही काही लहान गोष्ट नव्हे. शहराला हा गुण मनापासून द्यायला हवा.

गाडी एकदा आवारात लागली की मात्र हलवायची सोय नाही. पेठांतल्या बोळांत साडेनऊ फुटी उंचीची गाडी घालणं म्हणजे वरच्या केबलांशी आणि कोपऱ्यावरच्या ओट्यांशी झुंज. म्हणून देवळाला रिक्षा, रंकाळ्याला रिक्षा, खासबागेत कुस्त्या असल्या तर तिथंही रिक्षा. हेही चाललं असतं. तुळशीचं लग्न झालं की सुरू होणारी लग्नसराई, शेजारच्या कार्यालयातला बँड, आवारातला रात्रभर जळणारा दिवा, हेही सोसलं असतं. माझं मन फिरलं ते दुसऱ्याच कारणानं.

गाडीला घाम यायचा. दुसरा शब्द मला सुचत नाही.

पहिल्या हिवाळ्यात तिसऱ्या पहाटे मुलीनं उठवलं, "बाबा, छत गळतंय." बाहेर आभाळ स्वच्छ. टॉर्च मारून पाहिलं तर छताच्या पत्र्याला, खिडकीच्या चौकटीला, मागच्या दाराच्या बिजागरीला पाण्याचे थेंब लोंबत होते आणि एकेक करून वाकळीवर पडत होते. मी पंचानं पुसलं आणि पंचा मोरीत पिळला. पुन्हा पुसलं, पुन्हा पिळला. गादी उचलली तर खालचा प्लाय ओला. पुण्याला परत आल्यावर त्या प्लायवर काळे ठिपके धरलेले दिसले. बुरशी. ती गादी आम्हाला टाकून द्यावी लागली, आणि मुलीला आठवडाभर सर्दी होती ती वेगळी.

कारण साधं आहे. चौघांचा रात्रभराचा श्वास, रात्री केलेला चहा, दोरीवर टाकलेले ओले टॉवेल, या सगळ्याची वाफ आतल्या आत फिरते. पत्रा मध्यरात्रीनंतर गार पडतो आणि वाफ त्याला टेकली की पाणी होते. बंगल्यात किंवा लॉजच्या खोलीत भिंत जाड, जागा मोठी, म्हणून तिथं हे जाणवत नाही. गाडीत तेवढ्याशा जागेत चार माणसं. उपाय एकच, रात्रभर हवा खेळती ठेवायची. तो उपाय शहरात करता येत नाही, निदान मला तरी जमला नाही. खिडकी चार बोटं उघडली की बँड आत, दिव्याचा झोत आत, रात्री उशिरा आलेल्या गाड्यांचा धूर आत. शिवाय अनोळखी माणसं खिडकीला खेटून जाताना बायको आणि आई निर्धास्त झोपणार कशा? पडदे ओढले, काचा लावल्या, आणि पहाटे पुन्हा पंचा. दुसऱ्या वर्षी छोटा पंखा लावून पाहिला, थोडा फरक पडला. तुमच्या गाडीला चांगलं इन्सुलेशन आणि छताला दमदार पंखा असेल तर कदाचित तुम्हाला हा त्रास इतका होणारही नाही. मी माझ्या गाडीपुरतं सांगतोय.

हे कोडं सुटलं केर्लीच्या पुढे, पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका शेतात. रस्त्यालगत उसाचं रान, मागे थोडा माळ. मालकांना विचारून गाडी माळावर लावली. शहरातली सवय म्हणून तिथंही काचा लावूनच झोपलो. सकाळी ते दूध घेऊन आले आणि मी पंचा पिळत असताना दारात उभे राहून बघत राहिले.

"पाव्हणं, समदं बंद करून झोपला व्हय?"

"हो. थंडी आहे ना."

"आवो, म्हशीच्या गोठ्याला बी वरनं झरोका ठिवतोय आमी. न्हाई ठिवला तर म्हशी भिजत्यात की."

त्या रात्री छताचा झरोका पूर्ण उघडा आणि वाऱ्याच्या उलट अंगाची खिडकी चार बोटं, जाळी लावून. गारठा चांगलाच जाणवला, पहाटे नाक गार पडलं होतं. पण अंगावर दोन वाकळी होत्या आणि सकाळी पत्र्याला हात फिरवला तर कोरडा. बाहेरून गाडी दवानं नुसती न्हाली होती, आत एक थेंब नाही. तेव्हापासून आम्ही असंच झोपतो. एक कळकळीनं सांगतो: ऊब यावी म्हणून गाडीत शेगडी किंवा निखारे ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. थंडी वाकळीनं घालवा.

शहराबाहेर सगळं गोड आहे असं मुळीच नाही. जमिनीचंच घ्या. पंचगंगेच्या खोऱ्यातली काळी माती दिवसा कोरडी ठणठणीत दिसते. शेतीच्या मोटारींना बऱ्याचदा वीज येते ती रात्री. वीज आली की कोणीतरी बॅटरी घेऊन येतो आणि पाटाला पाणी सोडतो. तिसऱ्या वर्षी आम्ही नदीच्या अंगाला, उसाच्या कडेच्या सपाट बांधाशेजारी गाडी लावली होती. सकाळी मागचं चाक निम्मं रुतलेलं. दोष कोणाचाच नव्हता, पाणी सोडणाऱ्याला आम्ही तिथं आहोत हे माहीतही नव्हतं. ट्रॅक्टरनं ओढून काढलं, पण त्यात मागचा पायदान वाकला. तेव्हापासून माळ, मुरूम टाकलेली जागा किंवा खळं यांशिवाय गाडी लावत नाही आणि आज रात्री पाणी कुठं फिरणार आहे हे आधी विचारतो.

दुसरी अडचण रस्त्याची. थंडी म्हणजे उसाचा गळीत हंगाम. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागे दिवा असेलच याची खात्री नाही. बैलगाड्या तर अंधारात जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. म्हणून आमचा नियम असा, दिवस मावळायच्या आत गाडी जाग्यावर लागली पाहिजे. अंधार पडला तर गाव कितीही जवळ असू दे, पहिल्या पेट्रोल पंपावर थांबायचं आणि रात्र तिथंच काढायची.

तिसरी गोष्ट सांडपाण्याची, आणि इथं मला थोडं कठोर व्हावंसं वाटतं. भांड्यांचं पाणी शेतकऱ्याला विचारून त्याच्या शोषखड्ड्यात सोडा. कॅसेट मात्र गावात कुठेही, ओढ्यात किंवा नदीत रिकामी करायची नाही. पंचगंगेनं आधीच पुष्कळ सोसलंय. कॅसेट बंद करून ठेवायची आणि शहरात गेल्यावर नीट शौचालयात रिकामी करायची. थोडा व्याप आहे, पण तेवढं केलंच पाहिजे.

ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, शेजारच्या रानात असतात. बीडकडून आलेली कुटुंबं, लहान लेकरं, पहाटेच्या काळोखात फडात जाणाऱ्या बाया. त्यांच्याजवळ गाडी लावलीच तर जनरेटर आणि गाणी बंद ठेवा. त्यांना मिळणारी झोप मोजकीच असते.

हे सगळं असूनही माझा कल शिवाराकडेच आहे. घाम न येणारी गाडी हे त्यातलं सगळ्यात मोठं कारण, कारण ओली गादी असेल तर बाकी कशाचाच आनंद उरत नाही. त्याखालोखालचं कारण असं की शिवारात गाडीचं दार उघडं राहतं. शहरात गाडी म्हणजे पडदे ओढलेली खोली. माळावर छत्री ताणली, दोन खुर्च्या टाकल्या की अंगण तयार. आई तिथं उन्हाला पाय सोडून शेंगा फोडत बसते. लॉजच्या आवारात ती दिवसभर बेडवरच बसून असायची.

आणि गुऱ्हाळं! आता कमी झालीत, पण जवळपास चालू असलं तर जरूर जा. रस आटून काहिलीत बुडबुडे जाड होतात, गुळव्या नुसत्या नजरेनं ओळखतो की आता उतरवायची वेळ झाली. गरम काकवी वाटीत घेऊन आम्ही गाडीशी परततो. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाचा अर्थ तिथं चुलवाणापाशी उभं राहिल्यावर कळतो. फक्त गाडी चुलवाणाच्या धुराच्या दिशेला लावू नका.

नेमकं कुठं जायचं? पन्हाळ्यावर थंडीत वारा जोरात असतो, रात्री गाडी हलते. लहान मुलं असली तर गडाच्या पायथ्याचा माळ बरा. राधानगरी, दाजीपूरकडे रान दाट आणि गारठा अधिक. अभयारण्यात रात्र काढायचा बेत मात्र करू नका, अलीकडच्या गावात विचारून थांबा. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी एखादं कृषी पर्यटन केंद्र पाहावं, प्लग आणि पाणी दोन्ही मिळतं आणि विचारायचा संकोच उरत नाही. राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण आमचे आजवरचे सगळे मुक्काम ओळखीनं किंवा तोंडानं विचारून झालेत. शेतकरी सहसा पैसे घेत नाहीत. मग त्यांच्याकडून दूध, भाजी, गूळ घ्यायचा आणि भाव करायचा नाही.

ज्यांच्यासोबत गुडघे दुखणारी माणसं आहेत, ज्यांना पहाटे आणि संध्याकाळी दोन्ही वेळा देवळात जायचंय, त्यांनी एखादी रात्र शहरात काढायला माझी हरकत नाही. पण त्या रात्री खरं तर लॉजची खोलीच घ्यावी. गाडी आवारात कोरडी राहते आणि माणसंही.

आम्ही यंदा 31 जानेवारीच्या किरणोत्सवासाठी जाणार आहोत. गाडी केर्लीच्या त्याच माळावर लावायची, मालकांशी बोलणं झालंय. दुपारी रस्त्यावर येऊन एसटी किंवा केएमटी (कोल्हापूरची शहर बस) मिळेल ती धरायची, देवीच्या पायांवर किरण पडलेलं बघायचं, गंगावेशीत दूध प्यायचं आणि रात्रीच्या आत परत. परतीची शेवटची गाडी कधीची ते मात्र जातानाच कंडक्टरला विचारून ठेवायचं, कारण काळोखात उसाच्या ट्रॅक्टरांच्या रस्त्यानं आईला चालवत नेणं नको.