गूगल स्कॉलर: आकड्याला तीन तारे, त्याखालच्या यादीला पाच

खारघरच्या एका फार्मसी कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या 'नॅक'चं मूल्यांकन जवळ आलं की माझ्या टेबलासमोर प्राध्यापकांची रांग लागते. "मॅडम, माझा एच-इंडेक्स तेवढा काढून द्या ना." एरवी ग्रंथालयाकडे न फिरकणारेसुद्धा येतात. एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाच्या निबंधांचा उल्लेख इतर निबंधांत किती होतो, त्याचं माप. ते देणाऱ्या स्कोपस आणि वेब ऑफ सायन्सला पैसे मोजावे लागतात. गूगल स्कॉलर, म्हणजे संशोधन निबंध शोधायचं गूगलचं इंजिन, फुकट आहे, लॉगिनही लागत नाही, त्यामुळे माझ्या कॉम्प्युटरवर दिवसभर तेच उघडं असतं.

एच-इंडेक्स समजावताना मी नेहमी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे मेंदूशास्त्रज्ञ सॉलोमन स्नायडर यांचं उदाहरण घेते. २००५ मध्ये हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने हे माप सुचवलं आणि त्याच निबंधात जीवशास्त्रातल्या लोकांची यादी दिली. पहिलं नाव स्नायडर यांचं, एच १९१. म्हणजे त्यांचे १९१ निबंध असे, की प्रत्येकाचा दाखला (सायटेशन, म्हणजे दुसऱ्या निबंधातला उल्लेख) किमान १९१ वेळा दिला गेलाय. भौतिकशास्त्रातले अव्वल एडवर्ड विटेन ११० वर होते. हे ऐकून आमची मुलं टाळ्या पिटतात; मग सांगावं लागतं की या विषयात दाखले मुळातच जास्त पडतात, तुलना करू नका.

आकडा तिथेच सोडा आणि १९७३ चा 'सायन्स' या नियतकालिकातला निबंध शोधा. लेखक कँडेस पर्ट आणि स्नायडर. मॉर्फिन मेंदूत नेमकं कुठे चिकटतं, हा प्रश्न. मॉर्फिनचा परिणाम उलटवणारं नॅलॉक्सोन त्यांनी किरणोत्सारी करून घेतलं, मेंदूच्या ऊतीत मिसळलं, फिल्टरवर ओतून झटपट धुतलं. सैल चिकटलेलं वाहून गेलं, घट्ट बसलेलं मोजलं. पण ते खरंच रिसेप्टरवर, म्हणजे औषध बसायच्या पेशीवरच्या खास जागेवर, बसलंय कशावरून? लेव्होर्फेनॉल हे मॉर्फिनसारखं औषध आणि त्याच्या रेणूचीच आरशातली प्रतिमा असलेलं डेक्स्ट्रॉर्फन, दोन्ही घालून पाहिली. नॅलॉक्सोनची जागा बळकावली ती पहिल्याने, म्हणजे ती जागा रेणूचा नेमका आकार ओळखणारी. एम.फार्म.च्या मुलांना हे फळ्यावर काढून दाखवलं की त्यांचे डोळे चमकतात, एच-इंडेक्सने कधी चमकले नाहीत.

आता त्या निबंधाखालच्या 'साइटेड बाय'वर, म्हणजे त्याचा दाखला देणाऱ्यांच्या यादीवर, क्लिक करा. स्कॉलरची खरी किंमत इथे कळते. दाखला देणाऱ्या निबंधांतच पुन्हा शोधायची सोय आहे. फिल्टरवर धुऊन मोजायची तीच पद्धत वापरून स्नायडर यांच्या प्रयोगशाळेने १९७६ मध्ये दाखवलं, की स्किझोफ्रेनियावरची औषधं डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाच्या रिसेप्टरला जितकी घट्ट धरतात तितका त्यांचा डोस कमी लागतो. त्या निबंधाच्या दाखल्यांत 'क्लोझापिन' हे स्किझोफ्रेनियावरच्या एका औषधाचं नाव टाका आणि वर्षांची मर्यादा बदलत बघा. हे औषध त्या हिशेबात कितपत बसतं, यावरचा वाद पाठ्यपुस्तकाशिवाय समजतो.

आकड्याचे दोन तारे कशासाठी कापले तेही सांगते (दोनच कापलेत, पण बोचरे). स्कॉलर पर्ट आणि स्नायडर दोघांनाही सारखाच दाखला देतं. पर्ट तेव्हा पीएच.डी.च्या विद्यार्थिनी होत्या आणि निबंधावर पहिलं नाव त्यांचं. १९७८ चं लास्कर हे वैद्यकीय संशोधनाचं पारितोषिक मात्र स्नायडर आणि ह्यूज, कोस्टरलिट्झ या आणखी दोन शास्त्रज्ञांना मिळालं. पर्ट यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. ज्या गाइडची प्रयोगशाळा मोठी त्याचा एच वाढतच जातो, आणि बेंचवर कोण उभं होतं ते यंत्राला कळत नाही. स्नायडरही एकेकाळी ज्युलियस ॲक्सेलरॉड या औषधशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले, हे नातं कुठल्याही प्रोफाइलवर आकड्यात येत नाही.

बाकी तक्रारी नेहमीच्याच. स्वतःच स्वतःचे दिलेले दाखले वेगळे काढता येत नाहीत. प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी अजून न तपासलेले निबंध), शंकास्पद जर्नल्स सगळं मोजलं जातं. प्रोफाइल लेखकाने स्वतः उघडायचं असतं, त्यामुळे जुने शास्त्रज्ञ नावाने शोधावे लागतात आणि सारख्या नावांची गल्लत होते. नॅकच्या फॉर्मसाठी म्हणूनच मी इथला आकडा देत नाही, स्कोपसचाच मागून घेते.

वापरणार असाल तर नावाऐवजी निबंधाचं शीर्षक अवतरणचिन्हांत टाका, उजवीकडे पीडीएफ दिसते का बघा, नसेल तर 'सर्व आवृत्त्या' उघडा, बऱ्याचदा तिथे फुकट प्रत निघते. आणि नव्या निबंधांची ईमेलवर खबर देणारा अलर्ट एका वेळी एकाच विषयावर लावा, नाहीतर इनबॉक्स भरतो.