एअर रायफलचा साइट रेझर ब्लॉक : आठ महिन्यांचा वापर आणि एका फटीची गोष्ट

जूनमध्ये मी माझ्या १० मीटर एअर रायफलसाठी साइट रेझर ब्लॉकची जोडी घेतली. साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, उंच करणारे हे ॲल्युमिनियमचे ठोकळे : एक पुढच्या साइटखाली, एक मागच्या पीप साइटखाली, म्हणजे जिच्या बारीक छिद्रातून बघतात तिच्याखाली. माझी मान लांब आहे. साइट खाली असली की डोकं पुढे झुकतं, आणि ७५ मिनिटांत ६० शॉट्स मारायचे म्हटल्यावर चाळिसाव्या शॉटनंतर मान भरून येते, नजर वरच्या पापणीकडून जायला लागते. ब्लॉक लावल्याच्या पहिल्याच दिवशी डोकं सरळ राहिलं. या एका गोष्टीसाठी मी आजही हा ब्लॉक घ्या असं सांगेन. पण मागच्या ब्लॉकने माझे दोन महिने खाल्ले, आणि ते टाळता आले असते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

जुलैपासून माझा ग्रुप, म्हणजे टार्गेटवर जवळजवळ पडणाऱ्या शॉट्सचा पुंजका, फुटायला लागला. पसरला असता तर होल्ड (रायफल स्थिर धरणं) बिघडलाय असं समजले असते, पण तो दोन ठिकाणी पडत होता. आठ-दहा शॉट्स छान १०.३, १०.५ गुणांचे, मग रायफल स्टँडवर ठेवून पुन्हा उचलली की सगळे उजवीकडे, ९.७, ९.८. साइट सरकवायच्या स्क्रूला दोन क्लिक डावीकडे दिले तर काहीच व्हायचं नाही, तिसऱ्या क्लिकला एकदम उडी. सरावात साठ शॉट्सचा ६१२च्या आसपास असणारा स्कोअर ६०४वर आला. मी पायांमधलं अंतर बदललं, बट-प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) दोनदा हलवली, जॅकेटचे पट्टे सैल केले, श्वासाची लय बदलून पाहिली. सगळा दोष माझ्या शरीरावर टाकत राहिले. रात्री घरी भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यासमोर ड्राय (पेलेट न भरता सराव) करताना रडूही यायचं, कारण होल्ड तर शांत दिसत होता.

शेवटी कोच सरांनी रायफल टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवायला लावली. पाच शॉट्स मारायच्या आधी साइटला बोटाने हलकेच डावीकडे दाबायचं, सोडायचं, मग नेम. पुढच्या पाचच्या आधी उजवीकडे. टार्गेटवर दोन वेगळे ढीग पडले. कुणाच्याही खांद्यावर नसलेली रायफल दोन जागी मारत होती. ज्यांना शंका आहे त्यांनी आधी एवढंच करून पाहावं, दहा मिनिटं लागतात.

एवढ्याशा हालचालीने इतकं कसं बिघडतं, याचा हिशोब मी नंतर वहीत मांडला. माझ्या दोन साइटमधलं अंतर साधारण ८० सेंटिमीटर, टार्गेट १० मीटरवर. म्हणजे मागची साइट जेवढी सरकेल त्याच्या बारापट पेलेट सरकतं. त्यात रेझरमुळे पीप रेलपासून, म्हणजे रायफलवरच्या साइट बसवायच्या पट्टीपासून, ५० मिलिमीटर उंच गेलेली, आणि खाली ब्लॉकची रेलवरची पकड फक्त ११ मिलिमीटर रुंद. पकडीच्या एका कडेला ०.०३ मिलिमीटर फट असली तर वर पीपपाशी ती जवळपास ०.१४ होते आणि टार्गेटवर दीड मिलिमीटरच्या पुढे जाते. दशांशाच्या मोजणीत पाव मिलिमीटरला ०.१ गुण जातो. म्हणजे सहा-सात दशांश गेले, तेही चांगल्या शॉटचे. दहाचा ठिपकाच मुळी अर्ध्या मिलिमीटरचा.

पहिला उपाय मी स्वतः केला आणि तो चुकला. कोल्ड्रिंकच्या कॅनची पातळ पट्टी कापून फटीत सरकवली. दोन आठवडे सगळं ठीक वाटलं. मग पट्टी दबली, एका बाजूने बाहेर आली आणि ब्लॉक तिरका बसला. विकणाऱ्याला फोटो पाठवले, तर स्क्रू अजून आवळा असं उत्तर आलं. मी तो आधीच हात दुखेपर्यंत आवळला होता.

मग आमच्या सोसायटीतले एक काका. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य गेलेलं, आता निवृत्त. नेमबाजी म्हणजे कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, पॅरिस ऑलिंपिकला २०२४मध्ये ब्राँझ आणणारा, तेव्हा रेल्वेत टीसी असलेला, एवढीच त्यांना ओळख. मी हवेचा सिलिंडर काढला, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) घातला आणि रायफल त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग रेलवर नखाएवढा निळा मार्किंगचा रंग अगदी पातळ लावला, ब्लॉक बसवून काढला आणि मला उलटा करून दाखवला. रंग सबंध उतारावर उमटायला हवा होता. खालच्या कडेला केसासारखी एकच रेघ होती.

"कोन जुळत नाही बाळा. म्हणायला दोन्हीकडे ११ मिलिमीटर, पण तुझ्या रेलचा उतार वेगळा नि याचा वेगळा. हा नुसता धारेवर उभा आहे."

मी विचारलं, रेल थोडी घासली तर? त्यांनी रायफल माझ्याकडे सरकवली. "रेलला हात लावायचा नाही. चूक ठोकळ्याची आहे, घासायचं तर ठोकळ्याला."

त्यांना दुसरी गोष्टही सापडली, आणि ती मला एकटीला कधीच कळली नसती. पकडीचा एक स्क्रू लांब होता. पकडीचा सुटा जबडा रेलला घट्ट बसायच्या आधीच तो भोकाच्या तळाला टेकत होता. हाताला वाटायचं घट्ट झालं, पण जोर सगळा तळावर. त्यांनी दीड मिलिमीटर कापून टोक गोल केलं. ब्लॉकच्या न सुटणाऱ्या बाजूचा उतार त्यांनी स्क्रेपरने खरवडला. रंग लावायचा, बसवायचा, उमटलेला उंच भाग खरवडायचा, पुसायचं, पुन्हा रंग. दोन संध्याकाळी गेल्या. सुटा जबडा मात्र रेलच्या कोनाचा नवा करून घेतला, ओळखीच्या मिलिंगवाल्याकडून, ४०० रुपयांत. काकांनी चहाशिवाय काही घेतलं नाही.

शेवटच्या वेळी निळा रंग दोन्ही उतारांवर टोकापासून टोकापर्यंत उमटला. मी त्या ठशाचा फोटो काढून ठेवलाय.

त्यानंतर सप्टेंबर ते जानेवारी, आठवड्याला चार दिवस, दिवसाला शंभरेक शॉट्स. वाळूच्या पिशवीवरची तीच परीक्षा पुन्हा केली, दोन्ही ढीग एकमेकांवर पडले. एक क्लिक दिला की एकच क्लिक सरकतो. नोव्हेंबरमध्ये एक स्क्रू किंचित ढिला झाला होता. तेव्हापासून दोन्ही स्क्रूंना निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या द्रावाचा, एकेक थेंब आहे. लाल वापरू नका, तो तापवल्याशिवाय सुटत नाही आणि रायफलजवळ तापवणं नको. दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, ॲलन कीची आखूड बाजू बोटांत धरून, म्हणजे जोर अति होत नाही.

ब्लॉकबद्दल उरलेलं थोडक्यात. काळा मुलामा कडांना उडालाय, घामाने डाग पडलेत. वजन जाणवत नाही. ५.५ किलोच्या मर्यादेची चिंता असणाऱ्यांनी आधी सगळी रायफल वजनाला लावावी. पुढच्या साइटचा ब्लॉक पहिल्या दिवसापासून नीट बसला, त्याला हातही लावला नाही. एकाच डब्यातले दोन ठोकळे इतके वेगळे कसे, याचा मला अजून राग आहे. २,८०० रुपये घेणाऱ्याने रेलचा कोन विचारायला हवा होता. तुम्ही मागवणार असाल तर तुमच्या रेलची रुंदी आणि कोन दोन्ही लिहून पाठवा, आणि आलेला ब्लॉक रंग लावून तपासल्याशिवाय त्याच्यावर एकही मॅच खेळू नका.

आता मी ब्लॉक आणि रेल यांच्या सांध्यावर पांढऱ्या पेन्सिलची एक बारीक रेघ ओढून ठेवली आहे. मागच्या रविवारी बालेवाडीला साइटिंगच्या (मॅचआधीच्या चाचणी शॉट्सच्या) आधी वाकून पाहिली. दोन्ही तुकडे एका ओळीत होते. मी ६१४.२ मारले, आणि एकदाही माझ्या पायांकडे बघितलं नाही.