लिब्रिवॉक्ससाठी वाचन: आठ महिन्यांनंतर

विष्णुदास भाव्यांचं सांगली हे गाव आमचं. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेलाच पाहिजे, हे हौशी नाटकांनी अंगात मुरवलेलं. माइकपुढे तीच सवय नडली. 'भ' किंवा 'फ' आला की फाइलमध्ये फटाका! माइक तोंडासमोरून जरा बाजूला घेतला तेव्हा थांबला.

लिब्रिवॉक्स ही पुस्तकं वाचून त्यांची ऑडिओबुक्स करणारी वेबसाइट, २००५ पासून चालू आहे. वाचणारे सगळे बिनपगारी, फाइली सगळ्यांना फुकट. पुस्तक मात्र अमेरिकी कायद्याने कॉपीराइट संपलेलं लागतं. आपल्याकडचा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा नियम आपण वेगळा बघायचा.

आधी एक मिनिटाची चाचणी असते. मला वाटलं, वाचन तपासणार. तपासतात ते आवाजाची पातळी ८९ डेसिबलच्या आसपास आहे का, मागे गुणगुण येते का, एमपीथ्री १२८ केबीपीएसची आहे का. वाचन रंगलं की नाही, यावर अवाक्षर नाही. पुढे दुसरा स्वयंसेवक प्रूफ ऐकतो, तोही अडखळणं, गाळलेली किंवा दुबार वाचलेली ओळ शोधायला. निकष फारच ढिले वाटले मला.

मग ती गुणगुण निस्तरायला बसलो आणि मत बदललं. गावभागातलं घर, रस्त्याकडेची खोली. भर मे महिन्यात पंखा बंद, कपाट उघडं टाकून आतल्या गोधड्यांकडे तोंड करून वाचायचं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन जास्त मारलं की आवाज हंड्यातून आल्यासारखा येतो. त्यापेक्षा फ्रिज बंद केलेला बरा. (दोनदा चालू करायला विसरलो, दूध नासलं.)

खरी चूक मात्र आत्याने पकडली. मोतीबिंदूमुळे तिचं वाचन सुटलंय, म्हणून फाइल चढवण्याआधी तिला ऐकवतो. मजकुरात 'जरा आणि मरण' होतं. मी वाचला तो 'जरा सरक'मधला 'जरा'. आत्या म्हणाली, "अरे, म्हातारपण ना ते? मग दातातला ज कशाला काढतोस?" छापलेलं अक्षर एकच, त्यामुळे पुस्तक समोर धरून ऐकणाऱ्यालाही हे निसटू शकतं. आवाजाची पातळी मोजणाऱ्या मीटरला तर कळायचंच नाही. आता वाचायला बसण्याआधी च, ज, झ पेन्सिलने खुणावतो: हे 'जग' म्हणजे दुनिया, की 'सुखाने जग'मधलं?

वीस मिनिटांचं प्रकरण हातावेगळं करायला अजून दोन तास जातात. आत्याच्या मते आवाज आता बरा लागतो, फक्त प्रत्येक स्वल्पविरामाला जिना चढून आल्यासारखा श्वास घेतो मी. या आठवड्यात तेच कापत बसलोय.