ताग, सूत आणि काथ्या: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर आम्ही ठाण्याच्या घरातले नायलॉनचे जुने गालिचे काढले आणि बैठकीच्या खोलीत तागाचा गालिचा, झोपायच्या खोलीत सुती सतरंजी आणि दाराशी काथ्याचे पायपुसणे आणले. हिवाळा, उन्हाळा आणि संपूर्ण पावसाळा या तिन्ही वस्तू रोजच्या वापरात राहिल्या. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, नैसर्गिक धाग्याचा गालिचा निवडताना रंग आणि वीण यांच्याआधी त्या खोलीत पाणी आणि ओल किती येते हे पाहावे. किनारपट्टीवरच्या घरांसाठी तर हाच पहिला निकष असावा.

तिन्हींत देखणा तागाचाच. जाड वेण्या एकमेकींना शिवून तो केलेला आहे, त्याचा सोनेरी रंग कोणत्याही भिंतीला शोभतो आणि थंडीत गार फरशीवर पाय टेकण्यापेक्षा त्यावर बसणे फार सुखाचे वाटते. सुरुवातीला काही आठवडे त्यातून बारीक तूस गळते, ते पुढे कमी होते. धूळ मात्र वेण्यांच्या फटींतून खाली उतरून फरशीवर साचते, त्यामुळे वरून झाडून भागत नाही. दर आठवड्याला गालिचा उचलून खालचा केर काढावा लागतो.

खरी परीक्षा आषाढात झाली. ताग हवेतले पाणी भरपूर शोषतो: 65 टक्के सापेक्ष आर्द्रतेत कापसात कोरड्या वजनाच्या साधारण 8 टक्के पाणी असते, तर तागात ते 13 टक्क्यांच्या आसपास जाते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता याहून कितीतरी जास्त असते. संततधार लागल्यावर गालिचा हाताला थंड आणि जड लागू लागला, खालच्या बाजूने कुबट वास येऊ लागला आणि भिंतीलगतच्या कडेवर बुरशीचे करडे ठिपके दिसले. उघडीप मिळताच उन्हात टाकून कोरड्या ब्रशने झाडल्यावर ठिपके गेले, पण वास जायला बरेच दिवस लागले. साध्या पाण्याचा पेला सांडला होता तिथे कडेने तपकिरी वर्तुळ उमटले आहे, ते आजही तसेच आहे. बाल्कनीकडचा भाग उन्हाने काळपट पिवळा झाला असून टेबलाखालची पट्टी तेवढी मूळच्या रंगाची राहिली आहे. तागातल्या लिग्निनवर, म्हणजे वनस्पतीच्या धाग्याला ताठपणा देणाऱ्या घटकावर, सूर्यप्रकाशाचा हा परिणाम होतोच, त्यात विणकराचा किंवा दुकानदाराचा दोष नाही.

सुती सतरंजीने मला सर्वांत जास्त समाधान दिले. ओला झाल्यावर ताग कमजोर होतो, उलट कापसाचा धागा ओला असताना अधिक मजबूत होतो, म्हणूनच सतरंजी निर्धास्तपणे धुता येते आणि ताग धुता येत नाही. पहिल्या धुण्यात तिचा लाल रंग थोडा गेला, तेव्हा ती वेगळी, गार पाण्यात धुवावी आणि सावलीत वाळवावी हे बरे. दोन्ही बाजू सारख्याच असल्याने ती उलटून वापरता येते. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदच्या आणि तेलंगणातल्या वारंगळच्या सतरंज्यांना भौगोलिक मानांकन आहे. हातमागावरची घट्ट वीण हवी असेल तर त्या अवश्य पाहाव्यात. गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते, त्यामुळे घरात वयस्कर माणसे असतील तर तिच्याखाली रबराची जाळी घालणे आवश्यकच आहे.

काथ्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर दारासाठी त्याला तोड नाही. त्यात लिग्निन तागापेक्षा कितीतरी अधिक असते, म्हणून तो ओलाव्याला दाद देत नाही, आणि ताठ केसांमुळे चपलांचा चिखल दाराबाहेरच राहतो. अनवाणी पायांना तो टोचतो, त्यामुळे आतल्या खोलीत मी तो अंथरणार नाही.

खरेदी करताना दोन गोष्टी जरूर तपासाव्यात. तागासारखे दिसणारे पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे गालिचेही बाजारात असतात. कडेचा सुटा धागा मागून घ्यावा आणि बाहेर नेऊन जाळून पाहावा. वनस्पतीचा धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते, प्लॅस्टिक वितळून त्याची कडक गुठळी होते. दुसरे म्हणजे ‘बांबू सिल्क’ या नावाने मिळणारा गालिचा बहुधा व्हिस्कोसचा, म्हणजे वनस्पतीच्या लगद्यापासून कारखान्यात केलेल्या धाग्याचा असतो, आणि व्हिस्कोस पाण्याने फार दुबळा होतो, त्यामुळे जेवणाच्या जागी तो घेऊ नये.

पुढच्या वर्षीपासून तागाचा गालिचा मृगाआधी कडक उन्हात वाळवून, जुन्या सुती चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवायचा आणि नवरात्रात पुन्हा अंथरायचा असे आम्ही ठरवले आहे. प्लॅस्टिकमध्ये तो बांधू नये, कारण आत राहिलेली ओल बाहेर पडत नाही. मधल्या चार महिन्यांसाठी बैठकीच्या खोलीत दुसरी सतरंजी घेणार आहोत, आणि ती गडद रंगाची असेल.