परसदारी तुती लावायची तर कोणती? खान्देशच्या उन्हाळ्यासाठी एक तुलना

जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे किंवा शिरपूरकडे ज्यांच्या घरामागे वीस-पंचवीस फूट मोकळी जागा आहे आणि तेथे तुतीचे झाड असावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासमोर तीन पर्याय येतात. पहिला गावरान तुतीचा, म्हणजे रेशीम उत्पादकांच्या बागांतून काडी मिळते त्या जातींचा. दुसरा बोटभर लांब फळे देणाऱ्या तुतीचा. आणि तिसरा काळ्या तुतीचा. बहुतेक लोक फळाचे छायाचित्र पाहून निवड करतात. माझ्या मते ही निवड मे महिन्यात आपल्याकडे किती पाणी असते आणि झाड घराच्या जोत्यापासून किती दूर जाऊ शकते, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर करावी.

तुती कडक ऊन सोसते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. अमेरिकेतील फिनिक्स हे शहर वाळवंटात वसलेले असून 2023 च्या उन्हाळ्यात तेथे सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर गेला होता. तरीही तेथील परसबागांमध्ये तुती वाढते आणि फळते. मात्र तेथील सल्ला जसाच्या तसा येथे उचलता येत नाही. तेथे वर्षभरात जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे त्याच्या तिपटीच्या आसपास पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. वाळवंटात झाड खोलगट आळ्यात लावावे, म्हणजे पाण्याचा थेंबही वाया जात नाही, असे सांगतात. आपल्या काळ्या जमिनीत तसेच आळे ऑगस्टमध्ये डबके होते. माझे पहिले रोप मी अशाच खोल आळ्यात लावले होते. मे महिन्याच्या झळा त्याने सोसल्या आणि पानकळ्यात त्याची मुळे कुजून ते गेले. त्यामुळे येथे रोप वीतभर उंचवट्यावर लावावे आणि उन्हाळ्यापुरते आळे खोडापासून दूर, गोलाकार चरासारखे करावे.

आता पर्यायांकडे वळू. गावरान तुतीमध्ये पांढरी तुती (मोरस अल्बा) आणि भारतीय तुती (मोरस इंडिका) या दोन्हींच्या जाती येतात. रेशीम उद्योगात रूढ असलेली व्ही-1 ही जात पानांसाठी निवडलेली आहे, फळांसाठी नव्हे, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे. गावरान तुतीचा सर्वांत मोठा गुण असा की ती काडीपासून सहज येते. सहा ते आठ महिने वयाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळे असलेली काडी पावसाळ्याच्या सुरुवातीला पिशवीत लावली, तर पोळ्यापर्यंत तिला चांगली पालवी आलेली असते. असे झाड स्वतःच्या मुळांवर उभे असते. म्हणून एखाद्या उन्हाळ्यात शेंड्याकडून करपले, तरी बुंध्यातून पुन्हा त्याच जातीचे फुटवे येतात. खान्देशात हा गुण मला फळाच्या लांबीपेक्षा मोलाचा वाटतो. फळ लहान असते, गोडी जातीप्रमाणे बदलते, आंबटपणा कमी असतो. नव्या फुटीबरोबरच फुले येत असल्याने जानेवारीत छाटणी करून पाणी सुरू केले की मार्चच्या सुमारास फळ हाती येते, म्हणजे सर्वांत वाईट ऊन सुरू होण्यापूर्वीच झाडाचे मुख्य काम आटोपते. घरी शेळ्या असतील तर छाटणीचा पाला त्यांना आवडतो, आणि त्यात प्रथिनेही भरपूर असतात.

या पर्यायाची उणीव मात्र मोठी आहे. तुतीत नर आणि मादी झाडे वेगळी असू शकतात, आणि नुसती काडी पाहून फळ धरेल की नाही हे कळत नाही. माझ्या परिचयाच्या एका घरी रोपवाटिकेतून आणलेले झाड चार वर्षे जोमाने वाढले आणि दर वसंतात फक्त परागाचे तुरे देत राहिले. नर तुतीचा पराग हलका असून वाऱ्याबरोबर पसरतो आणि अनेकांना त्याची ॲलर्जी होते. अमेरिकेत लास व्हेगासच्या परिसरात 1991 मध्ये आणि एल पासोत 1992 मध्ये अशा बिनफळाच्या तुतीच्या नव्या लागवडीवर बंदी आली, ती याच कारणाने. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर ही बाब गौण मानू नये.

लांब फळाची तुती (मोरस मॅक्रोरा) मूळची हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंतच्या भागातील. तिचे फळ सात ते दहा सेंटिमीटर लांब, गोड, आणि लहान मुलांना अतिशय प्रिय. फळ धरण्यासाठी तिला हिवाळ्यात फारशी थंडी लागत नाही, त्यामुळे उष्ण प्रदेशात ती चांगली फळते. याबाबतीत ती खान्देशाला अनुकूल आहे. अडचण पानांची आहे. तिची पाने मोठी असतात, आणि दुपारनंतर पश्चिमेकडून येणारा कोरडा वारा लागला की त्यांच्या कडा करपतात. केळीच्या बागेला जसा शेवरीचा किंवा गजराज गवताचा आडोसा करतात, तसा आडोसा तिला पहिली दोन-तीन वर्षे द्यावा लागतो. घराच्या पूर्वेची जागा मिळाली, तर घराची सावलीच ते काम करते. बाजारातील रोप बहुधा कलमी असते. कलमाच्या सांध्याखालून गावरान फूट आली आणि ती वेळीच काढली नाही, तर दोन वर्षांत मूळ कलम दबून जाते. शिवाय वरचा भाग उन्हाने मेला, तर बुंध्यातून जे येते ते लांब फळाचे झाड नसते.

काळ्या तुतीबद्दल (मोरस नायग्रा) थोडक्यात लिहितो. चवीच्या दृष्टीने आंबटगोडाचा असा तोल दुसऱ्या कोणत्याही तुतीत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु हे झाड इराणकडच्या थंड हिवाळ्याच्या मुलखातले, वाढीला मंद आणि काडीपासून सहज न येणारे आहे. आपल्या हवेत ते फळेल असा भरवसा मी कोणाला देणार नाही. दुसरे म्हणजे, काळी तुती म्हणून विकले जाणारे झाड बहुधा काळ्या फळांची पांढरी तुतीच असते, कारण पांढऱ्या तुतीलाही काळी फळे येतात. खऱ्या काळ्या तुतीचे पान जाड आणि खरखरीत असते आणि फळाला देठ जवळजवळ नसतो. पांढरीचे पान वरून गुळगुळीत, चकचकीत असते.

तिन्ही प्रकारांना लागू असलेली गोष्ट मुळांची, आणि ती सर्वांनी गंभीरपणे घ्यावी अशी माझी विनंती आहे. काळी जमीन उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. त्यात तुतीची मुळे जोत्याजवळची ओल शोषून घेऊ लागली की जमीन अधिक आकसते आणि भिंतीला तडे जाण्याचा धोका वाढतो. धाब्याच्या घराच्या मातीच्या भिंतींबाबत तर अधिकच जपावे. शौचकूपाची टाकी, पाण्याचा हौद आणि मोरीची नळी यांपासून किमान पंधरा फूट अंतर ठेवावे. जागा तेवढी नसेल, तर गावरान तुती दरवर्षी कमरेएवढ्या उंचीवर छाटून झुडूप म्हणून ठेवता येते, आणि वरचा पसारा लहान राहिला की पाण्याची गरज व मुळांची धावही आटोक्यात राहते. लांब तुतीही छाटणी सोसते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यासाठी मात्र निंबच असू द्यावा. छाटलेल्या तुतीला तशी फांदी नसते.

पाण्याचे गणित असे. ताशी चार लिटरचे चार ड्रिपर बुंध्यापासून दोन-अडीच फुटांवर ठेवून दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अडीच तास चालवले, तर चाळीस लिटर पाणी मिळते. माझ्या छाटलेल्या गावरान झुडपाला मे महिन्यात एवढे पुरते. आडोशाखालच्या लांब तुतीलाही मी याच्या दुपटीखाली जाऊ देत नाही. रोज थोडे पाणी दिल्याने मुळे वरच्या थरातच राहतात, म्हणून खोल आणि विरळ पाणी बरे. बुंध्याभोवती केळीची वाळलेली पाने चार बोटे जाड पसरावीत, ती खोडाला टेकू देऊ नयेत, आणि कोवळ्या खोडाच्या पश्चिम बाजूला चुना लावावा.

ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते आणि बोअरवेल एप्रिलमध्येच आटते, तेथे माझे मत स्पष्टपणे गावरान झुडपाच्या बाजूने आहे. विहिरीचे खात्रीचे पाणी आणि पूर्वेची जागा असेल, तर लांब तुती लावावी. तिचे फळ तोडल्यावर दिवस-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही, त्यामुळे ताजे खायचे तर ते घरचेच हवे. दोन्हीपैकी काहीही ठरले तरी मार्च महिन्यात फळांनी लगडलेले झाड स्वतः पाहून त्याच्या मालकाला काडीबद्दल विचारून ठेवावे, खड्डा मे महिन्यात खणून उन्हाने तापू द्यावा आणि रोप पहिल्या दमदार पावसानंतर लावावे.